रूळ तपासायला यंत्र आले; आपली मुले त्या डब्यात बसणार की खालीच राहणार?

बेसा (नागपूर) : नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी दिली. 43.8 किलोमीटरचा मार्ग, 6,708 कोटी रुपयांचा खर्च. पहिल्या टप्प्याचे सुमारे 40 किलोमीटर त्याच महिन्यात पूर्णपणे सुरू झाले होते. दोन्ही टप्पे मिळून नागपूरकरांच्या डोक्यावरून 80 किलोमीटरहून अधिक मेट्रो धावणार आहे. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा, कापसी या चारही दिशांना रूळ जाणार आहेत.

या विषयावरच्या बातम्या आपण रोज वाचतो. स्टेशन कुठे होणार, जमिनीचे भाव किती वाढणार, पुलाने कोणता विक्रम केला. बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी या आपल्या भागात फ्लॅट विकणाऱ्यांच्या फलकांवर मेट्रो किती मिनिटांवर आहे हे घराच्या चौरस फुटांपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. बेसातून निघणारा माणूस उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगर स्टेशनला जातो, गाडीत बसतो आणि सीताबर्डीला उतरतो. पण आपण ज्या रुळांवरून गेलो ते रूळ कोण तपासतो, कशाने तपासतो आणि तपासणीत काय निघाले हे आपल्याला कधी कळते का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आम्ही हा प्रश्न दोन कारणांसाठी उचलत आहोत. पहिले कारण सरळ आहे, प्रवाशांचा जीव. दुसरे कारण आपल्या समाजाशी जोडलेले आहे. रुळांची देखभाल हे काम या देशात पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्तीतल्या माणसांनी केले, हे नागपूरला वेगळे सांगावे लागत नाही. आता त्या कामात यंत्रे येत आहेत. ती कशी येतात यावर आपल्या पुढच्या पिढीची जागा ठरणार आहे.

रूळ तपासणारी गाडी म्हणजे काय

लांबून पाहिले तर रूळ म्हणजे दोन सरळ लोखंडी पट्ट्या. जवळून पाहिले तर त्या सतत हलणारी, झिजणारी, तापणारी आणि आकसणारी वस्तू आहेत. दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, भारतीय रेल्वेच्या मोठ्या मार्गावर 1,676 मिलिमीटर आणि नागपूर मेट्रोत 1,435 मिलिमीटर असते. त्यात काही मिलिमीटरचा फरक पडला तरी नोंद घ्यावी लागते. एक रूळ दुसऱ्यापेक्षा किती उंच आहे, वळणावर तो किती झुकवला आहे, थोड्या अंतरात त्याला पीळ पडला आहे का, हे सगळे मोजावे लागते.

हे मोजणारी गाडी म्हणजे ट्रॅक रेकॉर्डिंग कार. तिच्या खाली लेझर, कॅमेरे आणि हादरे मोजणारे सेन्सर बसवलेले असतात. गाडी धावत जाते आणि प्रत्येक मीटरचा आलेख तयार होतो. लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था अशा तपासणीचे निकष ठरवते. रेल्वेने अलीकडे आणलेली एकात्मिक ट्रॅक मॉनिटरिंग यंत्रणा ताशी 20 ते 200 किलोमीटर वेगात हे काम करू शकते.

पण ही गाडी रुळाचा बाहेरचा आकार पाहते. पोलादाच्या पोटातली चीर तिला दिसत नाही. त्यासाठी अल्ट्रासोनिक तपासणी लागते. गरोदर बाईची सोनोग्राफी करतात तोच न्याय. ध्वनिलहरी रुळात सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींवरून आत भेग आहे का हे ओळखायचे. आपल्याकडे हे काम बहुतांश वेळा रुळावर ढकलत नेण्याच्या ट्रॉलीने होते.

या तपासणीमागे मोठा अपघात आहे. 1911 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ रूळ तुटून गाडी घसरली आणि 29 जण मेले. रुळाला आतून चीर होती. वरून पाहणाऱ्याला ती दिसणे शक्यच नव्हते. पुढे एल्मर स्पेरी या संशोधकाने रुळाच्या आतला दोष शोधणारी गाडी बनवली आणि 1928 पासून ती रुळांवर धावू लागली.

मेट्रोत एक अडचण वाढते. दिवसभर काही मिनिटांच्या अंतराने गाड्या धावतात, म्हणून रुळांची बरीच तपासणी आणि दुरुस्ती रात्री शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेची पहिली गाडी निघेपर्यंतच्या चार-पाच तासांत उरकावी लागते. मुंबईची आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची मेट्रो 3 जमिनीखालून जाते. तिथे अंधार, दमट हवा आणि बोगद्याच्या भिंती यांची भर पडते. नागपूरची मेट्रो उंच पुलांवरून आणि काही भागात जमिनीवरून जाते. इथे पुलांवर खडीऐवजी काँक्रीटवर बसवलेले रूळ आहेत, आणि डोक्यावर विदर्भाचे ऊन आहे.

जगात वारे कुठे वाहते आहे

जपानच्या बुलेट ट्रेनच्या मार्गावर पिवळ्या रंगाची खास तपासणी गाडी धावायची. लोक तिला डॉक्टर येलो म्हणत. टोकियो-ओसाका मार्गावर साधारण दहा दिवसांतून एकदा ती जायची. जेआर सेंट्रल कंपनीची अशी गाडी जानेवारी 2025 मध्ये निवृत्त झाली. तिच्या जागी नेहमीच्या प्रवासी गाड्यांमध्येच तपासणीची यंत्रे बसवण्याची योजना आहे.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने आणखी एक पाऊल टाकले. तिचे सुमारे 1,070 किलोमीटर रूळ पायी चालणारे निरीक्षक तपासतात आणि वर्षातून काही वेळा तपासणी गाडीही फिरते. सप्टेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात तिथल्या वाहतूक संस्थेने गूगलबरोबर एक प्रयोग केला. ए मार्गावरच्या चार डब्यांना सहा साधे पिक्सेल मोबाइल फोन बसवले. फोनमधल्या सेन्सरने हादरे टिपले आणि माइकने आवाज टिपला. संगणकाने त्यातून संशयास्पद जागा काढल्या. निरीक्षकांना सापडलेल्या दोषांच्या 92 टक्के जागा या यंत्रणेनेही ओळखल्या, असे संस्थेने जाहीर केले.

या बातमीतली एक गोष्ट लक्षात घ्यावी. 92 टक्के हा आकडा माणसांच्या तपासणीशी ताडून काढलेला आहे. यंत्राने संशय घेतलेल्या जागी माणूस गेला, त्याने हात लावून पाहिले, आणि मगच यंत्र बरोबर की चूक हे ठरले. अनुभवी निरीक्षकाचे कान आणि डोळे हीच यंत्राची शाळा होती. उरलेल्या आठ टक्क्यांत एखादा तुटणारा रूळ असू शकतो, म्हणून तिथेही माणसाला कोणी घरी पाठवलेले नाही.

म्हणजे दिशा दिसते आहे. तपासणी वाढणार, स्वस्त होणार आणि रोजची होणार. नागपुरातही आज ना उद्या हेच येईल. त्याला विरोध करण्याचे काही कारण नाही. पण यंत्र आले म्हणजे सुरक्षितता आली, असे समजणाऱ्यांसाठी आपल्याच देशातला सरकारी दस्तऐवज पुरेसा आहे.

यंत्र आहे, पण धावते का?

भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचा रेल्वेगाड्या रुळांवरून घसरण्याविषयीचा अहवाल डिसेंबर 2022 मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात 2017-18 ते 2020-21 या काळाची तपासणी होती. गाड्या घसरल्याच्या 1,129 चौकशी अहवालांचा कॅगने अभ्यास केला. त्यातल्या 422 घटनांची जबाबदारी अभियांत्रिकी विभागाकडे जात होती आणि त्यात सर्वांत मोठे कारण होते रुळांची देखभाल, 171 घटना.

त्याच अहवालात ट्रॅक रेकॉर्डिंग कारचा हिशेब आहे. नियमानुसार जेवढ्या वेळा ही गाडी फिरायला हवी होती त्यात 30 टक्क्यांपासून 100 टक्क्यांपर्यंत तूट कॅगला आढळली. शंभर टक्के तूट याचा साधा अर्थ असा, की काही ठिकाणी ती गाडी ठरलेल्या वेळी एकदाही गेली नाही.

गाडी कागदावर होती, नियम होता, वेळापत्रक होते. तपासणी झाली नाही, आणि ती झाली नाही हे प्रवाशाला कळण्याची कोणतीही सोय नव्हती. कॅगने खोदून काढले म्हणून ते बाहेर आले. तेही काही वर्षे उलटून गेल्यावर.

दोष सापडला, पुढे काय?

तपासणी झाली तरी काम संपत नाही. 17 ऑक्टोबर 2000 रोजी इंग्लंडमध्ये हॅटफील्ड इथे वेगवान गाडी घसरली. चार जण मेले, 70 हून अधिक जखमी झाले. गाडीखाली रुळाचे तुकडे तुकडे झाले होते. चौकशीत निघाले की त्या रुळाच्या भेगा आधीच माहीत होत्या. बदलण्यासाठी नवे रूळही आणून ठेवले होते. बसवलेच नव्हते. तिथे रेल्वेचे खासगीकरण झाले होते. रुळांची मालकी एका कंपनीकडे, देखभाल कंत्राटदाराकडे, आणि गाड्या तिसऱ्यांच्या. माहिती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. पुढे ती रूळ-कंपनी बुडाली आणि 2002 साली नेटवर्क रेल ही नफा न कमावणारी संस्था आली.

आपल्याकडचे उदाहरण खतौलीचे. 19 ऑगस्ट 2017 रोजी उत्तर प्रदेशात उत्कल एक्स्प्रेस घसरली आणि 23 जण मेले. तिथे रुळावर दुरुस्ती चालू होती, पण गाड्या थांबवण्याची रीतसर परवानगी, ज्याला रेल्वेत ब्लॉक म्हणतात, घेतलेली नव्हती. दोष माहीत होता, माणसे कामाला लागली होती, आणि तरीही गाडी पूर्ण वेगात आली.

रेल्वेत काम केलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, ब्लॉक मिळणे किती कठीण असते ते तो सांगेल. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे देशातले दोन महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. गाडी थांबवली की वक्तशीरपणाचा आकडा बिघडतो, म्हणून दुरुस्तीचा वेळ कापला जातो. लेझर बसवलेल्या गाडीने हजार दोष शोधले आणि ते दुरुस्त करायला वेळ आणि माणसे दिली नाहीत, तर आपल्या हाती फक्त दोषांची मोठी यादी राहते.

रुळावर चालणारा माणूस

आता त्या माणसाकडे येऊ. रेल्वेत त्याचे नाव बदलत गेले. गँगमन, ट्रॅकमन, ट्रॅक मेंटेनर. काम फार बदलले नाही. त्यांच्यातला कीमन रोज आपल्या हद्दीतले काही किलोमीटर रूळ पायी तपासतो. खांद्यावर घण आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी, जवळ धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. सैल झालेली चाबी ठोकून बसवायची, वेल्डचा जोड पाहायचा, आणि कान मागून येणाऱ्या गाडीकडे ठेवायचा.

उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात त्याला जास्तीची गस्त लागते. नागपुरात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा रूळ हवेपेक्षा 15-20 अंशांनी जास्त तापलेला असू शकतो. एक किलोमीटर लांबीचा रूळ 40 अंशांनी तापला आणि त्याला मोकळे सोडले, तर तो सुमारे 46 सेंटीमीटर वाढेल. पण तो स्लीपरला आवळून बांधलेला असतो, वाढायला जागा नसते. तो जोर आतल्या आत साठतो आणि खडी किंवा चाबी सैल असेल तिथे रूळ वाकडा होतो. थंडीत उलटे होते. रूळ आकसतो, ताणला जातो आणि कमजोर जोडावर तुटतो. म्हणून मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली मध्यरात्र, लोक घरात बसतात त्या दोन्ही वेळा या माणसाच्या गस्तीच्या असतात.

या कामात किती माणसे मरतात? डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने 2012 मध्ये अहवाल दिला. 2007 ते 2011 या काळात कामावर असताना सुमारे 1,600 रेल्वे कर्मचारी मरण पावले आणि 8,700 जखमी झाले, असे समितीने नोंदवले. प्रवासी गाडीचा अपघात झाला की मंत्री धावतात, भरपाई जाहीर होते. ट्रॅकमन एकेकटा मरतो. त्याची बातमी स्थानिक पानावर चार ओळींची येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच हद्दीत दुसरा माणूस घण घेऊन चालू लागतो. गाडी जवळ आली की इशारा देणारे रक्षक नावाचे उपकरण रेल्वेने आणले. ते प्रत्येक कीमनच्या कमरेला असायला हवे. प्रवासी डब्यात पंखा असतो तितके ते साधे आणि सक्तीचे व्हायला हवे.

म्हणून रूळ तपासणाऱ्या यंत्राचे आम्ही स्वागत करतो. ज्या जागी माणसाने जीव धोक्यात घालून रोज चालायचे त्या जागी यंत्र गेले आणि माणूस नेमक्या दोषाच्या ठिकाणी ब्लॉक घेऊन सुरक्षितपणे गेला, तर यापेक्षा चांगले काय?

मनमाडला बाबासाहेब काय म्हणाले होते

पण इथे आपल्याला इतिहास आठवावा लागतो. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाड इथे जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही त्या भाषणातली मांडणी सर्वांना माहीत आहे. त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा बारीक हिशेब मांडला होता, त्याची चर्चा कमी होते.

त्यांचे म्हणणे असे होते. रेल्वेत अस्पृश्य माणूस बहुधा गँगमन म्हणून लागतो आणि आयुष्यभर गँगमनच राहतो, वर जाण्याची वाट नाही. त्याला स्टेशनवर पोर्टरसुद्धा करत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. रेल्वेच्या कारखान्यांतही कुशल कारागिराची जागा त्याला मिळत नाही. म्हणजे काम कोणते करायचे हे कौशल्यावरून ठरत नव्हते, जातीवरून ठरत होते.

नीट पाहा. बाबासाहेबांनी गँगमनच्या घणाचे गुणगान केले नाही. ते काम पवित्र आहे, समाजाने ते सोडू नये, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले की आमचा माणूस तिथेच का अडकला? कारखान्याचे दार त्याला बंद का? पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कामगाराच्या कौशल्याला आणि कामाच्या तासांना कायद्याचा आधार देण्यावर भर दिला. कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारे 1946 चे दुरुस्ती विधेयक त्यांनीच मांडले.

आज रूळ तपासणाऱ्या गाडीचा डबा हा त्या काळातला कारखाना आहे. आत वातानुकूलित जागेत पडद्यावर आलेख पाहणारा माणूस आणि खाली खडीवर उन्हात चालणारा माणूस, या दोघांमध्ये पुन्हा तीच जुनी भिंत उभी राहणार का?

नोकरी कुठून कुठे सरकते आहे

रेल्वे भरती मंडळाने 2025 साली लेव्हल 1 च्या 32,438 जागांसाठी अर्ज मागवले. त्यातल्या 13,187 जागा ट्रॅक मेंटेनरच्या होत्या, म्हणजे दर पाच जागांमागे दोन. एक कोटीहून अधिक अर्ज आले. मनीषनगर-बेसा पट्ट्यात भाड्याच्या खोलीत राहून तयारी करणारी मुले-मुली या गर्दीत आहेत. पात्रता दहावी पास. अर्ज करणाऱ्यांत पदवीधर आहेत, पदव्युत्तर आहेत. त्यांना माहीत आहे की हे काम अंगमेहनतीचे आणि धोक्याचे आहे. तरीही ते रांगेत आहेत, कारण ही कायम नोकरी आहे, पगार ठरलेला आहे आणि आरक्षणाचा कायदा लागू आहे.

विदर्भातल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांची पहिली पक्की भिंत, पहिले शिकलेले पोर, पहिली पदवी रेल्वेच्या पगारातून आली. अजनीच्या रेल्वे वसाहतीने हे पाहिले आहे. म्हणून ट्रॅकमनची जागा कमी होणे ही आपल्यासाठी निव्वळ तंत्रज्ञानाची बातमी असू शकत नाही.

यंत्र आले की नोकरी नाहीशी होत नाही, ती सरकते. घण मारणाऱ्याचे काम कमी होते. यंत्र चालवणारा, आलेख वाचणारा, सेन्सर दुरुस्त करणारा, माहिती तपासणारा असा नवा माणूस लागतो. प्रश्न असा की ही नवी जागा कोणाच्या आस्थापनेवर असते. यंत्र कंपनीचे, चालवणारे कंपनीचे, आलेख वाचणारे कंपनीचे आणि सरकारकडे फक्त अहवाल, अशी व्यवस्था झाली की त्या जागांवर आरक्षणाचा नियम थेट लागू होत नाही. जुनी जागा सरकारी होती म्हणून आरक्षित होती. नवी जागा कंत्राटी झाली म्हणून खुली. आरक्षणाला कोणी हात लावला नाही, कायदा बदलला नाही, आंदोलनाला कारण दिले नाही, आणि तरीही प्रतिनिधित्व गेले.

सुरक्षेच्या बाजूनेही हे घातक आहे. हॅटफील्डने दाखवले की देखभाल तुकड्यातुकड्यांत वाटली की जबाबदारीही वाटली जाते. ज्याची नोकरी अकरा महिन्यांची आहे तो वरिष्ठाला, साहेब, हा रूळ आज बदला, गाडी थांबवा, असे ठणकावून सांगेल का? कायम नोकरी ही कामगाराची सोय आहेच. प्रवाशासाठी ती खरे बोलू शकणाऱ्या माणसाची हमी आहे. म्हणून आपल्या समाजाची मागणी आणि सर्वसामान्य प्रवाशाची मागणी इथे वेगळी नाही.

मग मागायचे काय?

पहिली मागणी, तपासणीचा हिशेब जाहीर करा. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य सरकारची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. मेट्रो रेल्वे (संचालन आणि देखभाल) अधिनियम, 2002 प्रमाणे नवा मार्ग सुरू करण्याआधी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. चालवणारा आणि तपासणारा एकच नसावा, यासाठी ही रचना आहे. पण उद्घाटनापूर्वीच्या प्रमाणपत्राची बातमी होते, नंतरच्या वर्षांतल्या तपासणीची होत नाही. वर्षभरात रुळांच्या किती तपासण्या ठरल्या होत्या, किती झाल्या, किती दोष निघाले, किती मुदतीत दुरुस्त झाले, हे चार आकडे मेट्रोने आणि रेल्वेच्या नागपुरातल्या दोन्ही विभागांनी दरवर्षी स्टेशनवर लावावेत. वर्धा रोडच्या दुमजली पुलाचा विक्रम आपण फलकावर लावतो, मग हे का नको? तोपर्यंत माहिती अधिकार कायदा, 2005 आपल्या हाती आहे. अर्जाला दहा रुपये लागतात.

दुसरी मागणी, यंत्राबरोबर दुरुस्तीचा वेळ आणि माणसे द्या. तपासणी गाडीच्या खरेदीच्या घोषणेत किती कायम पदे भरणार हेही सांगा.

तिसरी मागणी, नव्या जागा आस्थापनेवर ठेवा. अल्ट्रासोनिक तपासणी, ट्रॅक मशीन आणि आलेख वाचणे ही कामे कंत्राटावर गेली, तरी त्या कंत्राटात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाची अट घाला.

चौथी मागणी, आज जो ट्रॅकमन आहे त्याला वर जाण्याची वाट द्या. रेल्वेच्या स्थापत्य अभियंत्यांना शिकवणारी इरिसेन ही संस्था पुण्यात आहे, ट्रॅक मशीनचे प्रशिक्षण केंद्र प्रयागराजला आहे. दहा वर्षे रूळ चाललेल्या माणसाइतका रूळ कोणाला कळतो? न्यूयॉर्कच्या यंत्राला अशाच माणसांच्या नजरेशी ताडून पाहावे लागले. मग आपल्या कीमनला आलेख वाचायला शिकवणे अवघड का असावे?

आणि एक गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची आहे. आपली मुले गट ड ची तयारी करतात, त्यात कमीपणा काही नाही. पण त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाला किंवा मुलीला पॉलिटेक्निकची स्थापत्य, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकाची पदविका, कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा, आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे रस्ते कोणी सांगतो का? बार्टीच्या प्रशिक्षण वर्गांची माहिती वस्तीत पोचते का? बेसा-पिपळ्यात नवी विहारे उभी राहत आहेत. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला दिला, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एखाद्या मुकादमाला आणि मेट्रोत लागलेल्या एखाद्या मुलीला शेजारी बसवून बोलायला लावले, तर कोणत्याही करिअर मेळाव्यापेक्षा ते जास्त उपयोगाचे ठरेल.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. त्यातले अनेक आता मेट्रोने येतात, बाकीचे रेल्वेने. त्यांच्या गाडीखालचा रूळ आदल्या रात्री कोणीतरी पाहिलेला असतो. तो पाहणारा माणूस सुरक्षित असावा, त्याच्या हाती चांगले यंत्र असावे, त्याने सांगितलेला दोष दुरुस्त व्हावा आणि त्याच्या मुलीला त्या यंत्राची अभियंता होता यावे. मनमाडच्या परिषदेला आठ दशकांहून अधिक काळ उलटला. गँगमन गँगमनच का राहतो, हा तिथला प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. यंत्राच्या निमित्ताने तो पुन्हा समोर आला आहे, तर या वेळी त्याचे उत्तर लेखी घेऊ या.